उत्साहाचे उत्तरदायित्व

उत्साह हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. सण आला की उत्साह, निवडणूक आली की उत्साह, क्रिकेटचा सामना असला की उत्साह. परंतु आपल्या परंपरेत या शब्दाला मोठे वजन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानलेला आहे, आणि पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी त्या वीराचे चार प्रकार सांगितले : युद्धवीर, दानवीर, दयावीर आणि धर्मवीर. म्हणजे एकाच उत्साहाने भारलेला एक जण शत्रूवर चालून जातो, दुसरा आपले सर्वस्व देऊन टाकतो, तिसरा दुःखिताच्या हाकेला धावतो आणि चौथा प्राण गेला तरी धर्म सोडीत नाही. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून युरोपीय भाषांनी उत्साहाचे नाव घेतले, त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्या अंतरी देव आहे तो’ असा होतो. उलटपक्षी, रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश कॅथलिक धर्मगुरूंनी १९५० साली याच विषयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देव आपल्या अंतरी आहे या खात्रीने पेटलेली माणसे ख्रिस्ती इतिहासात किती वेळा भरकटली, हे दाखवून दिले.

तेव्हा उत्साह हा स्वतःच सद्गुण आहे काय? की ते केवळ एक बळ आहे, जे सद्गुणाच्याही हाती लागू शकते आणि दुर्गुणाच्याही? हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यावर पडताळून पाहणे बरे. तो माणूस म्हणजे अमेरिकेच्या अंतराळसंस्थेत, नासामध्ये, उड्डाण-संचालक म्हणून काम केलेले जीन क्रॅन्झ. माणसाने अंतराळात गेलेच पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. ते कॅथलिक आहेत, हे या ठिकाणी केवळ योगायोगाने आलेले नाही. त्यांच्या उत्साहाची घडण समजून घेताना ते ध्यानात ठेवावे लागते.

यूजीन क्रॅन्झ यांचा जन्म १७ ऑगस्ट १९३३ रोजी ओहायो राज्यातील टोलीडो शहरात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. कॅथलिक शाळेत शिकत असतानाच ग्रहांवर जाणाऱ्या अग्निबाणाविषयी त्यांनी एक प्रबंध लिहिला होता. त्या वेळी पृथ्वीभोवती एकही कृत्रिम उपग्रह फिरत नव्हता. पुढे येशूसंघीयांच्या सेंट लुई विद्यापीठाच्या पार्क्स महाविद्यालयातून १९५४ साली ते विमानविद्येचे पदवीधर झाले. हवाई दलात त्यांनी लढाऊ विमाने चालवली आणि १९६० साली ते नासाच्या मानवी उड्डाणाच्या गटात दाखल झाले. सहा मुलांचा हा बाप प्रत्येक मोहिमेत आपल्या पत्नीने शिवलेले नवे जाकीट घालून नियंत्रण कक्षात येत असे. १९९४ साली ते निवृत्त झाले. २००० साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ज्या कक्षातून चंद्रमोहिमा चालवल्या गेल्या, तो ह्यूस्टनचा कक्ष पुन्हा जसाच्या तसा उभा राहावा म्हणून म्हातारपणीही ते झटले आणि २०१९ साली तो कक्ष लोकांसाठी खुला झाला.

अंतराळवीर आपल्याला ठाऊक असतात, नियंत्रक नसतात. नील आर्मस्ट्राँग यांचे नाव शाळकरी मुलालाही माहीत आहे. परंतु त्यांचे यान चंद्रावर उतरू द्यावे की माघारी बोलवावे, हा निर्णय ज्यांच्या सल्ल्याने झाला, त्या स्टीव्ह बेल्स यांचे नाव किती जणांनी ऐकले असेल? २० जुलै १९६९ रोजी बेल्स २६ वर्षांचे होते. त्यांना मागल्या खोलीतून साहाय्य करणारे जॅक गार्मन २४ वर्षांचे होते. या सर्वांचे संचालक क्रॅन्झ स्वतः अवघे ३५ वर्षांचे. चंद्राकडे उतरत असताना यानाच्या संगणकाने धोक्याचा इशारा दिला : आकडा १२०२. काही क्षणांत गार्मन यांनी सांगितले की इशारा वारंवार येत राहिला नाही, तर उतरण्यास हरकत नाही. बेल्स यांनी तोच निर्णय दिला आणि यान उतरत राहिले. आर्मस्ट्राँग यांना खडकाळ जागा टाळून पुढे जावे लागले. जमिनीला टेकण्याच्या वेळी उतरण्यासाठी राखलेले इंधन मिनिटभराचेही उरले नव्हते.

हे धैर्य क्षणाचे नव्हते. उड्डाणाच्या काही दिवस आधी झालेल्या सरावात शिक्षकांनी मुद्दाम असाच एक इशारा संगणकात घातला होता. तेव्हा बेल्स यांनी उतरणे रद्द केले, आणि ते चुकले, असे शिक्षकांनी सरावानंतर सर्वांसमक्ष सांगितले. क्रॅन्झ यांनी त्यावरून कोणाला दूषण दिले नाही. संगणकाकडून येऊ शकणाऱ्या प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ लावून ठेवा, अशी आज्ञा दिली. गार्मन यांनी तशी यादी हाताने लिहून काढली आणि प्रत्यक्ष वेळी तीच कामी आली. उत्साहाची पहिली कसोटी येथे दिसते. जो उत्साह कंटाळवाण्या यादीपर्यंत जाऊन पोहोचत नाही, तो उत्साह नव्हे; ती केवळ उसळी होय.

परंतु क्रॅन्झ यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा नैतिक प्रसंग चंद्रावरचा नाही, जमिनीवरचा आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडी येथे अपोलोच्या पहिल्या यानाची तळावर चाचणी चालू असताना आत आग लागली. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चाफी हे तिघे बंद यानातच मृत्यू पावले. यानात शुद्ध प्राणवायू भरलेला होता, जळाऊ पदार्थ भरपूर होते आणि दार लवकर उघडण्यासारखे नव्हते. ही चाचणी धोक्याची आहे, असे आधी कोणाला वाटलेच नव्हते, कारण अग्निबाणात इंधन नव्हते. पुढच्या सोमवारी क्रॅन्झ यांनी आपल्या सर्व नियंत्रकांना एकत्र बोलावले. यान बांधणाऱ्यांवर किंवा नशिबावर त्यांनी ठपका ठेवला नाही. दोष आपला आहे, असे ते म्हणाले. वेळापत्रकाच्या घाईत आपण सर्वांनी डोळ्यांआड केले, काम थांबवा असे म्हणायला आपल्यापैकी कोणीही उठला नाही. आजपासून दोन शब्द आपली ओळख असतील : कणखर आणि निष्णात. कणखर म्हणजे आपण जे करतो आणि जे करावयाचे राहून जाते, त्या दोन्हींचे उत्तर देण्यास बांधलेले. निष्णात म्हणजे कोणतीही गोष्ट गृहीत न धरणारे. हे शब्द फळ्यांवर लिहा आणि पुसू नका, असे त्यांनी सांगितले.

धर्मगुरूला या भाषणात काहीतरी ओळखीचे ऐकू येते. मिस्साच्या प्रारंभी आपण सर्व जण जी पापकबुली देतो, तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला कर्तव्यात केलेल्या कसुरीचाही उच्चार असतो. हा चौथा उल्लेख दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या, १९७० च्या मिस्साग्रंथात आला. जुन्या लॅटिन प्रार्थनेत तो नव्हता. क्रॅन्झ यांचे भाषण त्याच्या तीन वर्षे आधीचे, म्हणून एकाने दुसऱ्याचे उसने घेतले असे म्हणता येणार नाही. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे. प्रभू येशूने शेवटच्या न्यायाचे जे चित्र मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात रेखाटले आहे, त्यात डावीकडच्यांना दोष दिला जातो तो त्यांनी केलेल्या दुष्कृत्यांबद्दल नव्हे, तर न केलेल्या सत्कृत्यांबद्दल. उत्साही माणसाला बहुधा या न केलेल्याचीच शिक्षा भोगावी लागते. तो वाईट करीत नाही. तो भरधाव पुढे जात असतो, म्हणून त्याला बाजूचे दिसत नाही.

याच क्रॅन्झ यांच्या नावाशी एक वाक्य कायमचे जोडले गेले आहे : अपयश हा पर्यायच नाही. १३ एप्रिल १९७० रोजी अपोलो १३ च्या यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा यान पृथ्वीपासून ३ लाख किलोमीटरहून अधिक दूर होते. नियंत्रण कक्षात क्रॅन्झ यांची पाळी चालू होती. मुख्य यान निकामी होत चालले. तेव्हा चंद्रावर उतरण्यासाठी दोघांकरिता, सुमारे दोन दिवसांच्या हिशेबाने बांधलेल्या छोट्या यानात तिघांनी चार दिवस काढावेत, असे ठरले. वीज, पाणी, श्वासातून बाहेर पडणारा विषारी वायू, या सर्वांचा हिशेब जमिनीवर मांडला गेला. क्रॅन्झ यांच्यानंतर ग्लिन लन्नी यांची तुकडी आली. लन्नी हेही येशूसंघीयांच्या डेट्रॉइट विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनी त्या रात्री यान सावरले, असे त्यांचे सहकारी सांगत आले. १७ एप्रिल रोजी तिघेही सुखरूप समुद्रात उतरले.

ते प्रसिद्ध वाक्य मात्र त्या दिवसांत कोणी उच्चारले नव्हते. १९९५ साली या घटनेवर चित्रपट निघाला, त्याच्या लेखकांनी जेरी बॉस्टिक या दुसऱ्या एका निवृत्त नियंत्रकाशी बोलल्यानंतर ते लिहिले. क्रॅन्झ यांना ते इतके पटले की त्यांनी ते आपल्या आत्मकथनाचे नाव केले. ख्रिस्ती माणसाने या वाक्याकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. आपला धर्म ज्या खुणेपाशी सुरू होतो, ती जगाच्या दृष्टीने अपयशाची खूण आहे. क्रूस टाळण्याचा पर्याय नाही, असे आपण म्हणतो. अपयश टाळलेच पाहिजे, असे नाही. मग हे वाक्य ख्रिस्तविरोधी म्हणावे काय? ते आपण कोणाविषयी म्हणतो, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. स्वतःच्या कीर्तीविषयी, पदाविषयी, देशाच्या झेंड्याविषयी म्हटले, तर तो गर्वच होय. पण ज्या तिघांचे श्वास आपल्या हिशेबावर चालले आहेत, त्यांच्याविषयी म्हटले, तर ती मेंढपाळाची भाषा आहे. एक मेंढरू हरवले तरी नव्व्याण्णव आहेत, असा हिशेब खरा मेंढपाळ करीत नाही.

इथवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो क्रॅन्झ यांच्या कक्षाबाहेरून येतो. काम चोख झाले, पण ते काम मुळात करावयास हवे होते काय?

१५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ ॲबर्नथी काही शे गरीब लोकांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडीच्या दाराशी आले. देशातील प्रत्येक पाचवा माणूस अन्नवस्त्राला मोताद असताना चंद्राचा हा सोहळा कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन उघड्या मैदानात त्यांच्यासमोर उभे राहिले. उद्या कळ न दाबल्याने दारिद्र्य मिटणार असेल, तर आम्ही ती दाबणार नाही, असे ते म्हणाले. परंतु माणसांचे प्रश्न चंद्राच्या प्रश्नापेक्षा फार कठीण आहेत, अशी कबुलीही त्यांनी दिली. अंतराळवीरांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्यांनी केली. ॲबर्नथी यांनी ती मान्य केली.

पुढच्या वर्षी हाच प्रश्न आफ्रिकेतून आला. झांबियात सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा या धर्मभगिनीने नासाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना लिहिले : पृथ्वीवर बालके भुकेने मरत असताना मंगळावर जाण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्च करा, असे तुम्ही कसे सुचवू शकता? अपोलो १३ परत येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ६ मे १९७० रोजी श्टुलिंगर यांनी तिला दीर्घ उत्तर लिहिले. त्यात त्यांनी एका दानशूर जर्मन सरदाराची गोष्ट सांगितली. भिंगे घासत बसणाऱ्या एका माणसाला त्याने पोसले, म्हणून साथीने गांजलेले लोक चिडले. परंतु त्याच भिंगांतून पुढे सूक्ष्मदर्शक यंत्र निघाले आणि रोगांवर इलाज सापडला. उपग्रहांमुळे शेतीचे, पावसाचे, पिकांचे ज्ञान वाढेल, असेही त्यांनी समजावले. पत्रासोबत त्यांनी अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी डिसेंबर १९६८ मध्ये टिपलेले छायाचित्र पाठवले. त्यात चंद्राच्या उजाड कडेवरून आपली निळी पृथ्वी उगवताना दिसते.

पत्र सौजन्यपूर्ण आहे, प्रामाणिकही आहे. तरीही त्यात दोन गोष्टी अनुत्तरित राहतात. पहिली अशी की या अग्निबाणांचा वंश निर्मळ नाही. श्टुलिंगर हे वेर्नर फॉन ब्राउन यांच्याबरोबर जर्मनीहून आलेले. त्यांच्या गटाने दुसऱ्या महायुद्धात घडवलेला व्ही-२ हा अग्निबाण डोरा छळछावणीतील कैद्यांकडून भुयारात बांधून घेतला जाई आणि त्या श्रमांत हजारो कैदी मरण पावले. ताऱ्यांचे स्वप्न पाहणाऱ्यांचा उत्साह त्यांना शेजारच्या भुयाराकडे पाहण्यापासून वाचवू शकला नाही; उलट, न पाहणे त्यांना सोपे गेले. उत्साह हा आपोआप सद्गुण नाही, याचा याहून कठोर पुरावा शोधण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट तर्काची आहे. श्टुलिंगर यांनी सांगितलेले बहुतेक लाभ उपग्रहांचे आहेत, आणि उपग्रहात माणूस बसवावा लागत नाही. हा भेद आपल्याच देशाने सर्वांत स्पष्टपणे ओळखला. डॉ. विक्रम साराभाई यांना केरळच्या किनाऱ्यावर थुंबा येथे अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती, कारण पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा तेथून जाते. ते गाव कॅथलिक कोळ्यांचे. मध्यभागी संत मेरी मग्दालिनेचे चर्च. त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी चर्च व लगतचे घर विज्ञानाच्या कामासाठी दिले, डॉ. अब्दुल कलाम ही हकिकत मोठ्या कृतज्ञतेने सांगत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला. आज त्या चर्चच्या वास्तूत संग्रहालय आहे. साराभाईंची भूमिका मात्र स्पष्ट होती : माणसे अंतराळात पाठवण्याच्या श्रीमंत राष्ट्रांच्या स्पर्धेत उतरण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही, आम्हाला आमच्या माणसांचे प्रश्न सोडवायचे आहेत. त्याच दृष्टीतून १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचले.

म्हणजे मानवी उड्डाणाचे समर्थन उपग्रहांच्या पुण्याईवर करता येणार नाही. ते करावयाचे असेल, तर त्याच्या स्वतःच्या पायावर करावे लागेल. असा पाया आहे काय?

बेथानी येथील प्रसंग आठवावा. एका स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल प्रभूवर ओतले. ते तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना देता आले असते, असा आक्षेप निघाला. योहानाच्या शुभवर्तमानानुसार तो यहुदाने घेतला. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. या प्रसंगाचा आधार घेऊन कोणत्याही उधळपट्टीचे समर्थन करणारे लोक असतात, आणि त्यात आम्ही धर्मगुरूही आहोत. मोठी चर्चे बांधताना हा उतारा हमखास आठवतो. परंतु त्यातून निघणारे तत्त्व एवढेच : उपयोग हे मोलाचे एकमेव माप नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी याला शास्त्रीय रूप दिले. आपल्या महाग्रंथात त्यांनी ‘मॅग्निफिसेन्शिया’ नावाचा एक सद्गुण सांगितला आहे. मोठ्या कार्यासाठी मोठा खर्च योग्य प्रमाणात करण्याची ती वृत्ती होय. तिच्या एका बाजूला क्षुद्रपणा, जो चार पैसे वाचवून मोठे काम बिघडवतो. दुसऱ्या बाजूला उधळपट्टी, जी कामाच्या मानाने भलताच खर्च करते. आणि मोठे कार्य कोणते? जे देवाच्या गौरवाचे किंवा सर्व समाजाचे असते ते. स्वतःच्या मिरवण्यासाठी केलेला खर्च या सद्गुणात बसत नाही. ज्ञानाच्या बाबतीतही थॉमस असाच भेद करतात : जिज्ञासेला शिस्त लावणारी अभ्यासवृत्ती हा सद्गुण, आणि केवळ चाळा म्हणून किंवा बढाईसाठी जाणून घेण्याची हाव हा दोष.

या मापाने चंद्रमोहीम मोजून पाहू. तिच्या खर्चाचा आकडा सुमारे २५ अब्ज डॉलर. १९६६ साली नासाचा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या ४ टक्क्यांहून थोडा अधिक होता; अलीकडच्या वर्षांत तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहिला. तिच्या पाठीमागची प्रेरणा निर्मळ नव्हती. रशियाला मागे टाकणे हाच तिचा राजकीय हेतू होता, आणि तो साधताच १९७० मध्ये पुढच्या मोहिमा रद्द होऊ लागल्या. डिसेंबर १९७२ च्या अपोलो १७ नंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ कोणी चंद्रावर उतरले नाही. युद्धवीराचा उत्साह शत्रूबरोबर संपतो. क्रॅन्झ यांना याचीच खंत वाटत आली. देशाने धाडसाची सवय सोडली, असे ते वारंवार सांगत. त्यांच्या खंतीत तथ्य आहे. पण केवळ स्पर्धेवर पेटवलेली आग विझणारच होती, हेही तितकेच खरे आहे.

तरीही चार लाखांच्या आसपास माणसांनी, यान बांधणाऱ्यांपासून वेश शिवणाऱ्यांपर्यंत, मिळून एक असे काम केले, ज्यात कोणाचा जीव घ्यावयाचा नव्हता. ज्या विद्येने लंडनवर आग पाडली, तीच विद्या माणसे सांभाळून नेण्यासाठी आणि सांभाळून आणण्यासाठी वापरली गेली. आणि ‘सांभाळून आणणे’ या शब्दांतच, माझ्या मते, यंत्राऐवजी माणूस पाठवण्याचा खरा अर्थ आहे. यंत्रे दूर जातात, स्वस्तात जातात, अधिक पाहतात. १९७७ साली सोडलेली व्हॉयेजर याने आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहेत. यंत्र हरवले तर आपण हळहळतो. माणूस हरवला तर आपल्याला जाब विचारला जातो. माणूस पाठवणे म्हणजे हा जाब आधीच पत्करणे. आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असेच एक रहस्य आहे : परमेश्वराने संदेष्ट्यांमार्फत निरोप पाठवले, आणि अखेर पुत्राला पाठवले. ही तुलना पुरावा म्हणून मी देत नाही; देहधारणेचे रहस्य अंतराळयानाच्या समर्थनासाठी राबवणे औचित्याला सोडून होईल. पण निरोप पाठवणे आणि स्वतः जाणे यांत फरक आहे, हे ख्रिस्ती मनाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच हा जाब देण्यात जेव्हा कसूर होते, तेव्हा ती मोठी कसूर ठरते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि ख्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिकेसह सात जण गेले. थंडीत अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडी नीट काम करणार नाही, असा इशारा अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिला होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना फुटले आणि कर्नालच्या कल्पना चावलासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळला होता. नुकसानीची छायाचित्रे मिळवावीत, अशी काही अभियंत्यांची मागणी वरपर्यंत टिकली नाही. १९६७ साली फळ्यांवर लिहिलेले दोन शब्द कोणी हेतुपुरस्सर पुसले नव्हते. चॅलेंजरच्या वेळी क्रॅन्झ स्वतः मोहिमांच्या विभागाचे प्रमुख होते. म्हणजे उत्साही आणि प्रामाणिक माणूस जागेवर असूनही संस्था बधिर होऊ शकते. उत्तरदायित्व एकदा लिहून ठेवण्याची गोष्ट नाही. पापनिवेदनाप्रमाणे ते पुनःपुन्हा करावे लागते.

आता हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. १९८४ साली राकेश शर्मा रशियन यानातून गेले. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले आणि जुलैत परतले. २०१८ साली जाहीर झालेल्या गगनयान मोहिमेसाठी शासनाने २०२४ मध्ये मंजुरीचा आकडा वीस हजार कोटींच्या वर नेला. साराभाईंनी जे स्वप्न बाजूला ठेवले होते, ते आपल्या देशाने आता हाती घेतले आहे. त्याला केवळ टाळ्या वाजवणे किंवा केवळ नाक मुरडणे, दोन्ही सोपे आहे. ख्रिस्ती विवेकाने त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. या कामाचा जाब कोण देणार आहे, आणि थांबा असे म्हणणाऱ्या कनिष्ठाचे कोणी ऐकणार आहे काय? हे कार्य सर्वांचे आहे, की काही धनिकांनी काही मिनिटे वजनरहित तरंगण्याचे? आणि या खर्चासाठी कोणाच्या ताटातला घास प्रत्यक्ष काढला जात आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर पहिल्या दोहोंची कितीही चांगली उत्तरे पुरेशी नाहीत. पण तो घास दुसऱ्याच कोणाच्या पोटात जात असेल, लाचेत, शस्त्रांत किंवा आपल्याच लग्नसमारंभांच्या थाटात, तर चंद्राला दोष देऊन आपण सुटू शकत नाही.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या मार्च महिन्यात राष्ट्रांच्या विकासावर विश्वपत्र लिहिले आणि शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा एक भाग भुकेल्या लोकांसाठी निधी म्हणून बाजूला काढावा, असे जगाला बजावले. त्याच पोपमहोदयांनी २० जुलै १९६९ च्या रात्री कॅसल गांडोल्फो येथील व्हॅटिकनच्या वेधशाळेत जाऊन दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि तेथे उतरणाऱ्यांना आशीर्वाद दिला. एका हाताने ज्यांनी श्रीमंत राष्ट्रांना जाब विचारला, त्यांनीच दुसऱ्या हाताने दुर्बीण धरली. त्यांना यात विसंगती वाटली नाही. सिस्टर जुकुंडा आणि जीन क्रॅन्झ एकमेकांना कधी भेटल्याचे ठाऊक नाही, परंतु ख्रिस्तसभेत दोघांनाही जागा आहे, एवढेच नव्हे तर दोघांना एकमेकांची गरज आहे. दयावीर नसेल तर युद्धवीराच्या उत्साहाला भुयारातील कैदी दिसत नाहीत. आणि मोठ्या कार्यासाठी आयुष्य झोकून देणारा कोणी नसेल, तर दयेचेही हळूहळू केवळ हिशेबात रूपांतर होते.

आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणेल की मला अंतराळात जायचे आहे, किंवा जाणाऱ्यांना जमिनीवरून सांभाळायचे आहे. त्या उत्साहावर पाणी टाकू नये. स्तोत्रकर्त्यानेही चंद्रतारे पाहूनच विचारले होते की एवढ्याशा मानवाची देवाने आठवण का ठेवावी. त्या मुलाला आपण तोच प्रश्न सोबत द्यावा. आणि त्याबरोबर हेही सांगावे की वर जाणाऱ्याइतकाच खाली जागा राहणारा मोठा असतो, आणि त्याने ज्यांच्यासाठी जागे राहावयाचे, त्यांत यानातील तिघे जसे आहेत तशीच दाराशी आलेली खेचरांच्या गाडीतली माणसेही आहेत.